दृष्टीचा पहिला क्षण आणि उणे १९६ अंश

महाड-पोलादपूर भागात गाय माजावर आली की शेतकरी पशुवैद्यकीय दवाखान्यात निरोप धाडतो. तिथल्या ॲल्युमिनियमच्या कॅनचं बूच उचललं की पांढरी वाफ काठावरून खाली सांडते. चिमट्याने एक बारीक नळी वर येते, कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरली की आतलं गोठवलेलं रेत पुन्हा हालचाल करू लागतं. कॅनमध्ये द्रवरूप नायट्रोजन असतो, त्याचं तापमान उणे १९६ अंश सेल्सिअस. एवढ्या गारठ्यात पेशींतल्या रासायनिक घडामोडी जवळजवळ थांबतात, म्हणून ते रेत वर्षानुवर्षं टिकतं. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळी कांचनला सुरू केलेल्या ‘बाएफ’ या संस्थेने हे तंत्र महाराष्ट्रातल्या कितीतरी गोठ्यांपर्यंत पोचवलं.

नेमक्या याच तापमानाला, आणि पुष्कळदा गाईबैलांच्याच डोळ्यांतून काढलेल्या द्रव्यावर, विसाव्या शतकात एक मोलाचा शोध लागला. प्रकाश डोळ्यात शिरल्यावर सर्वांत पहिल्यांदा काय घडतं, हा त्या शोधाचा विषय. घडणारी गोष्ट इतकी झटपट उरकते, की त्या काळी उपलब्ध असलेल्या कुठल्याही उपकरणाला ती दिसणं शक्य नव्हतं. म्हणून शास्त्रज्ञांनी ती गोठवून अडवली. पण गोठवलेल्या काचेत मिळालेलं उत्तर ३७ अंशांच्या जित्या डोळ्याला लागू पडतं का? या एका शंकेभोवती साठेक वर्षं वाद, प्रयोग आणि दुरुस्त्या होत राहिल्या. माझं मत आधीच सांगतो: उत्तर बहुतांशी लागू पडतं. जिथे पडत नाही त्या जागाही आता नेमक्या ठाऊक आहेत, आणि या साऱ्या इतिहासाचा खरा गाभा मला तिथेच दिसतो.

आधी या द्रव्याची ओळख. आपल्या दृष्टिपटलात सुमारे १२ कोटी दंडपेशी असतात. अंधुक उजेडातलं पाहणं त्यांचं काम. रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी त्या मानाने थोड्या, साठ लाखांच्या घरात. दंडपेशींत एक गुलाबी-लाल रंगद्रव्य ठासून भरलेलं असतं. फ्रान्झ बोल या तरुण जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८७६ मध्ये रोममध्ये पाहिलं, की अंधारात ठेवलेल्या बेडकाचं दृष्टिपटल लाल दिसतं आणि उजेडात ते पाहता पाहता फिकं पडतं. बोल तीन वर्षांनी क्षयाने गेला, अवघ्या तिशीत. हायडेलबर्गच्या विली क्यूने याने पित्तातल्या क्षारांच्या मदतीने ते द्रव्य विरघळवून बाहेर काढलं. आज आपण त्याला ऱ्होडॉप्सिन म्हणतो.

ऱ्होडॉप्सिनचे दोन भाग आहेत. ऑप्सिन हे मोठं प्रथिन: गाईच्या डोळ्यात ३४८ अमिनो आम्लांची साखळी, पेशीच्या पटलातून सात वेळा आरपार गेलेली. तिच्या पोटात बसलेला रेटिनल हा छोटा रेणू. रेटिनल येतो ‘अ’ जीवनसत्त्वापासून. हे नातं जॉर्ज वॉल्डने १९३३ मध्ये ऐन तारुण्यात, बर्लिन-झुरिक-हायडेलबर्ग अशा फिरतीत शोधून काढलं आणि १९६७ चं नोबेल त्याला त्यासाठी मिळालं. लोकांना या नात्याची चुणूक फार आधीपासून होती. सुश्रुतसंहितेत नक्तांध्यावर बोकडाचं काळीज सांगितलं आहे, आणि काळीज म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वाचं कोठार. शरीराला हे जीवनसत्त्व स्वतः बनवता येत नाही, ते आहारातूनच यावं लागतं. आपल्याकडे पहिल्या पावसात उगवणारा टाकळा, शेवग्याचा पाला, पिकलेला आंबा या सगळ्यांत त्याचा कच्चा माल, म्हणजे कॅरोटीन असतं. ते अंगी लागायला सोबत थोडं तेल हवं, तेव्हा टाकळ्याला दिलेली लसणीची फोडणी नुसती चवीपुरती नसते. महाडच्या औद्योगिक वसाहतीत अन्नात मिसळायच्या जीवनसत्त्व-खनिज मिश्रणांचा पिरामल समूहाचा कारखाना आहे. म्हणजे या विषयाचा एक धागा थेट या तालुक्यातून जातो.

रेटिनलचा रेणू कार्बनच्या साखळीचा, लांबट. अंधारात ती साखळी अकराव्या कार्बनापाशी वाकलेली असते, आणि तशीच वाकडी ती ऑप्सिनच्या खोबणीत नेमकी बसते. प्रकाशाचा एक कण पडला की साखळी सरळ होते. सरळ झालेला रेणू खोबणीत मावत नाही, प्रथिनाला आपला आकार बदलावा लागतो, आणि तो बदल पुढे मज्जातंतूंतला संदेश होतो. ‘प्रकाश फक्त ही साखळी सरळ करतो, बाकीचं सगळं अंधारातही होऊ शकतं’ हे रूथ हबर्ड आणि ॲलन क्रॉफ यांनी १९५८ मध्ये मांडलं. दृष्टिविज्ञानातलं याहून महत्त्वाचं विधान मला माहीत नाही. हबर्ड पुढे हार्वर्डच्या जीवशास्त्र विभागात कायमचं प्राध्यापकपद मिळवणारी पहिली स्त्री ठरली.

 मात्र मधल्या वाटेवर काय काय घडतं हे पाहायला गारठा लागला.

त्याची सुरुवात याआधीच, लंडनमध्ये झाली होती. तिथल्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये एंगेलबर्ट ब्रोडा हा ऑस्ट्रियातून परागंदा झालेला रसायनशास्त्रज्ञ आणि मूळचा कॅनडाचा चार्ल्स गुडीव्ह यांनी १९४१ मध्ये, म्हणजे भर युद्धात, ऱ्होडॉप्सिन ग्लिसरीन-पाण्यात मिसळून उणे ७० अंशांच्या आसपास नेलं. प्रकाश टाकल्यावर रंग किंचित बदलला, पण फिका पडला नाही. गरम होऊ दिल्यावर मात्र तो उडाला. प्रकाशाचं काम एका पायरीत संपतं आणि पुढच्या पायऱ्यांना उष्णता लागते, हे यातून उघड झालं. वॉल्ड, ड्युरेल आणि सेंट जॉर्ज यांनी १९५० मध्ये त्या पायऱ्यांना नावं दिली: ल्युमिऱ्होडॉप्सिन, मेटाऱ्होडॉप्सिन. सुकवलेल्या ऱ्होडॉप्सिनमध्ये ही वाट मध्येच अडते, शेवटच्या टप्प्याला पाणी लागतं, हेही त्यांनीच दाखवलं.

पुढची उडी जपानी शास्त्रज्ञांची. तोरू योशिझावा आणि युजी किटो यांनी १९५८ मध्ये द्रवरूप हवेच्या तापमानाला ऱ्होडॉप्सिनवर प्रकाश टाकला. ल्युमिऱ्होडॉप्सिनच्याही आधीचं, रंगाने अधिक गडद असं एक रूप त्यांच्या हाती लागलं. योशिझावा पुढे हार्वर्डला वॉल्डकडे गेला आणि दोघांनी १९६३ मध्ये त्याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. आज त्या रूपाला बॅथोऱ्होडॉप्सिन म्हणतात.

हा प्रयोग जवळून पाहण्यासारखा आहे. कत्तलखान्यातून आणलेले गाईबैलांचे डोळे अंधारात ठेवायचे. पुढचं सगळं काम मंद तांबड्या दिव्यात, कारण गडद तांबडा प्रकाश ऱ्होडॉप्सिन जवळजवळ शोषतच नाही. दृष्टिपटलं सोलून साखरेच्या द्रावणात घुसळली की दंडपेशींची टोकं सुटी होतात. डिजिटोनिन नावाच्या साबणासारख्या द्रव्याने त्यांतलं रंगद्रव्य विरघळवायचं. त्या लालसर द्रावणात ग्लिसरीन घालायचं, तेही पाण्याच्या दुप्पट, कारण नुसतं पाणी गोठलं की पांढरंफटक होतं आणि त्यातून प्रकाश आरपार जात नाही. ग्लिसरीन असलं तर द्रावण थंड होता होता पारदर्शक काच बनतं. हे सगळं खिडक्या असलेल्या दुहेरी भिंतीच्या भांड्यात, द्रवरूप नायट्रोजनच्या सान्निध्यात. खिडक्यांवर दव गोठू नये म्हणून त्यांवर कोरडा वायू सोडत राहावं लागतं. काचेला तडा गेला तर मोजमाप बिघडतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आता निळा प्रकाश टाकला की लालसर काच हळूहळू जांभळट होत जाते. ऱ्होडॉप्सिन सर्वांत जास्त प्रकाश शोषतं ४९८ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे निळसर-हिरवा. बॅथोऱ्होडॉप्सिनचं शिखर सरकून ५४३ च्या आसपास जातं. आणि मग सगळ्यांत देखणी गोष्ट: त्याच जांभळट काचेवर नारिंगी-तांबडा प्रकाश टाकला की रंग मागे फिरतो. म्हणजे साखळी सरळ करणारा प्रकाश तिला पुन्हा वाकवूही शकतो. वाकवताना ती कधी अकराव्या कार्बनापाशी वाकते, कधी नवव्यापाशी. नवव्यापाशी वाकलेल्या रूपाला आयसोऱ्होडॉप्सिन म्हणतात. निसर्गतः डोळ्यात ते नसतं. या तापमानाला प्रकाश सतत पडत राहिला तर तिन्ही रूपं एकमेकांत बदलत राहतात आणि त्यांचं प्रमाण प्रकाशाच्या रंगावर ठरतं. प्रयोग करणाऱ्याच्या हातात रंगीत काचांचा संच असला की रेणूला हवं तिकडे वळवता येतं.

मग काच सावकाश गरम करायची. उणे १४० अंशांच्या वर बॅथोऱ्होडॉप्सिनचं ल्युमिऱ्होडॉप्सिन होतं. उणे ४० च्या वर मेटाऱ्होडॉप्सिन-१. उणे १५ च्या वर मेटाऱ्होडॉप्सिन-२. त्याचं शिखर ३८० नॅनोमीटरवर, म्हणून डोळ्यांना ते फिकं पिवळट दिसतं. आणि पेशीला ‘उजेड आला’ ही वर्दी हेच रूप देतं. प्रत्येक टप्प्याला ठरावीक तापमान का? महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरणारी गाडी डोळ्यांपुढे आणा. प्रकाशाने तिला एकदम माथ्यावर नेऊन ठेवलं. पुढे सगळा उतारच आहे, पण प्रत्येक वळणाआधी छोटासा चढ आहे. तो चढायला लागणारा जोर म्हणजे उष्णता. उणे १९६ ला तेवढाही जोर नसतो, म्हणून गाडी पहिल्याच वळणावर उभी राहते, आणि आपल्याला ती निवांत पाहता येते.

आता शंकांकडे वळू. पहिली आणि सर्वांत सरळ शंका अशी: काचेसारख्या घट्ट गोठलेल्या द्रव्यात रेणू वळेलच कसा? साखळी सरळ व्हायची तर तिला जागा हवी, आणि इथे तर सगळंच थिजलेलं. शंका घेणारे साधे लोक नव्हते. १९७२ मध्ये बुश, ॲपलबरी, लामोला आणि रेंट्झेपिस यांनी लेझरच्या स्पंदांनी दाखवलं, की बॅथोऱ्होडॉप्सिन साध्या तापमानालाही ६ पिकोसेकंदांच्या आत, म्हणजे साखळी वळायला फारच कमी वाटणाऱ्या वेळात, तयार होतं. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाच्या एक लाख कोटी भागांपैकी एक. १९७७ मध्ये पीटर्स, ॲपलबरी आणि रेंट्झेपिस यांनी द्रवरूप हीलियमच्या तापमानाला, निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम ४ अंशांवर, तोच टप्पा पिकोसेकंदांच्याच हिशोबात घडताना पाहिला. हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम घातलं की वेग घटत होता. त्यांनी निष्कर्ष काढला, की पहिल्या पायरीत साखळी वळत नाही, एक प्रोटॉन जागा बदलतो. हा निष्कर्ष खरा ठरला असता तर हबर्ड आणि क्रॉफ यांचं विधान पहिल्या पायरीपुरतं चूक निघालं असतं.

तसं झालं नाही, आणि याचं बरंचसं श्रेय अतिशीत प्रयोगांनाच द्यावं लागतं. एक युक्तिवाद तर कागदावरच होता: अकराव्यापाशी वाकलेलं ऱ्होडॉप्सिन आणि नवव्यापाशी वाकलेलं आयसोऱ्होडॉप्सिन, दोघांपासून एकच बॅथोऱ्होडॉप्सिन मिळतं. दोन वेगवेगळ्या वाकड्या साखळ्यांचं समान रूप कोणतं? सरळ साखळी. पण निर्णायक पुरावा रसायनशास्त्रज्ञांनी घडवला. कोलंबिया विद्यापीठात कोजी नाकानिशीच्या गटाने असा रेटिनल तयार केला, की अकराव्या कार्बनापाशी सात अणूंचं कडं घालून साखळी कायमची वाकडीच राहावी. हा कुलूपबंद रेटिनल ऑप्सिनमध्ये बसला. पण १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामानुसार, त्यावर कितीही प्रकाश टाकला तरी अतिशीत तापमानाला बॅथोऱ्होडॉप्सिन बनलंच नाही. साखळी वळू दिली नाही तर पहिली पायरीच पडत नाही. इतका स्वच्छ नकार जीवरसायनशास्त्रात क्वचित मिळतो.

मग थिजलेल्या खोबणीत ती वळते कशी, याचं उत्तर आरिए वॉर्शेलने १९७६ मध्येच संगणकावर मांडलं होतं. साखळीचं टोक फिरवत नेण्याऐवजी दोन बंध एकाच वेळी उलटसुलट दिशांना फिरतात, टोकं जागच्या जागी राहतात, त्यामुळे फारच थोडी जागा लागते. पुढे २०१३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेल्यांत वॉर्शेल होता. बॅथोऱ्होडॉप्सिन म्हणजे सरळ झालेली, पण खोबणीत पिळून अडकलेली साखळी. हा पीळ किती मोठा, हे ग्लासगोच्या ॲलन कूपरने १९७९ मध्ये द्रवरूप नायट्रोजनच्या तापमानालाच उष्णता मोजून दाखवलं. शोषलेल्या प्रकाशकणाच्या ऊर्जेपैकी सुमारे ६० टक्के या पिळात साठते. पुढच्या मोजमापांत तो आकडा थोडा खाली आला. पण निम्म्याहून अधिक ऊर्जा सेकंदाच्या अब्जांश भागाच्याही आत एका रेणूत बंद होते, हे कायम राहिलं. एवढी ऊर्जा साठल्याशिवाय पुढचे चढ पार झालेच नसते. कूपरचा हा प्रयोग मला या साऱ्या कामातला सर्वांत कमी गाजलेला आणि सर्वांत जास्त सांगून जाणारा वाटतो.

आता थंडीने फसवलं त्या जागा.

हीलियमच्या तापमानाला योशिझावाच्या गटाला १९७० च्या दशकात आणखी एक रूप दिसलं होतं, शिखर ४३० नॅनोमीटरच्या आसपास. त्याला हिप्सोऱ्होडॉप्सिन नाव मिळालं आणि बॅथोऱ्होडॉप्सिनच्याही आधीची ती पहिली पायरी असावी असं मानलं गेलं. पाठ्यपुस्तकांतल्या आकृत्यांत ती चढली. पुढे योशिझावाच्याच क्योतोच्या गटात योशिनोरी शिचिदा आणि मात्सुओका यांनी साध्या तापमानाला लेझर लावून पाहिलं. स्पंद अतितीव्र असेल, म्हणजे एकाच रेणूवर लागोपाठ दोन प्रकाशकण आदळतील, तेव्हाच हिप्सो दिसतं. सौम्य प्रकाशात ते नसतं. जित्या डोळ्यात एका रेणूवर लागोपाठ दोन कण पडण्याचा प्रश्नच येत नाही. त्याऐवजी १९८४ मध्ये त्यांना फोटोऱ्होडॉप्सिन सापडलं, बॅथोची खरी पूर्वावस्था. ती इतकी क्षणभंगुर, की नायट्रोजनलाही अडवता येत नाही आणि हीलियमलाही. ज्या गटाने हिप्सो शोधलं त्याच गटाने त्याला मुख्य वाटेवरून दूर केलं. विज्ञानात आपलंच नाव दिलेली गोष्ट स्वतः खोडायला जी वृत्ती लागते, तिचं हे उदाहरण विद्यार्थ्यांना मुद्दाम शिकवावं असं आहे.

दुसरी जागा उलटी: जे आहे ते थंडीत दिसलंच नाही. कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या डेव्हिड क्लायगर आणि जेम्स लुईस यांच्या गटाने १९९० मध्ये साध्या तापमानाला, नॅनोसेकंदांच्या टप्प्यात, बॅथो आणि ल्युमी यांच्यामध्ये आणखी एक रूप दाखवलं. त्याचं शिखर निळ्याकडे सरकलेलं. तीस वर्षं गोठवलेल्या काचा तपासूनही ते कुणाला दिसलं नव्हतं. कारण हे रूप आणि बॅथो यांच्यात समतोल असतो, आणि तापमान उतरलं की तो समतोल जवळजवळ पूर्ण बॅथोकडे झुकतो. म्हणजे थंडी वाट नुसती सावकाश करत नाही, कधीकधी वाटेवरचा एखादा टप्पाच पुसून टाकते. अतिशीत तंत्राची ही खरी मर्यादा, आणि ती प्रथिनांच्या इतर अभ्यासांनाही लागू आहे.

वेगाचा प्रश्न १९९१ मध्ये सुटला. बर्कलीत शोनलाइन, पेटेआनू, मॅथीज आणि शँक यांनी दाखवलं, की साखळी २०० फेम्टोसेकंदांत वळते, म्हणजे एका पिकोसेकंदाच्या पाचव्या भागात. आणि दर तीन शोषलेल्या कणांपैकी सुमारे दोन कण हे काम फत्ते करतात. इतक्या वेगाने आणि इतक्या हमखास चालणाऱ्या प्रकाशरासायनिक क्रिया थोड्याच.

रचनेचा प्रश्न त्यानंतर. पाल्चेव्हस्की, ओकादा, मियानो आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये गाईच्या ऱ्होडॉप्सिनची स्फटिकरचना प्रसिद्ध केली. त्या जातीच्या ग्राही-प्रथिनांची ही पहिलीच रचना, आणि आज बाजारात मिळणाऱ्या औषधांचा मोठा हिस्सा याच कुळातल्या प्रथिनांवर काम करतो. मग २००६ मध्ये नाकामिची आणि ओकादा यांनी योशिझावाचाच डाव स्फटिकावर खेळला. अतिशीत स्फटिकावर प्रकाश टाकून बॅथोऱ्होडॉप्सिन अडवलं, आणखी थोडं तापवून ल्युमी अडवलं, आणि क्ष-किरणांनी दोघांची रचना काढली. बॅथोमध्ये साखळी पिळलेली, प्रथिन जवळजवळ जसंच्या तसं. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी रंग बघून बांधलेला अंदाज आता अणूअणूंच्या जागांसकट समोर होता.

तरीही ‘गोठवलेलं’ हा शब्द चिकटून होताच. २०२३ मध्ये स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर संस्थेत वालेरी पानील्स आणि सहकाऱ्यांनी क्ष-किरण लेझरच्या साहाय्याने, न गोठवता, साध्या तापमानाला प्रकाश पडल्यानंतर एका पिकोसेकंदातली रचना पकडली. साखळी सरळ झालेली आणि पिळलेली, खोबणीशी असलेले तिचे पुष्कळसे दुवे सुटलेले, आणि जास्तीची ऊर्जा प्रथिनात पसरत चाललेली. ऊर्जेचं हे पसरणं थंड स्फटिकात दिसलं नव्हतं. पण पिळलेल्या सरळ साखळीचं मूळ चित्र तेच राहिलं.

रंग ओळखणाऱ्या द्रव्यांचं काम याहून मागे आहे, आणि त्याचं कारण व्यावहारिक आहे: ती फार थोडी मिळतात. कोंबडीच्या डोळ्यातलं तांबड्याला संवेदी असलेलं आयोडॉप्सिन योशिझावा-वॉल्डनी १९६७ मध्ये गोठवलं, तर एक अचंबा पुढे आला. त्याचं बॅथो रूप अंधारात तापवलं की पुढे ल्युमीकडे न जाता मागे फिरून मूळ आयोडॉप्सिनच होतं. एकाच रेटिनलला दोन प्रथिनं इतकं वेगळं वागवतात! माकडाच्या हिरव्या आणि तांबड्या रंगद्रव्यांवर नागोयाच्या हिदेकी कांदोरीच्या गटाने २०१० मध्ये उणे १९६ अंशांवर अवरक्त प्रकाशाने काम केलं. पेशीसंवर्धनातून थोडं थोडं प्रथिन साठवत हे झालं. आपण फूल लाल आणि पानं हिरवी कशी ओळखतो, याचं मूळ या प्रथिनांतल्या मोजक्या अमिनो आम्लांत आहे. तिन्हीसांजेला शंकूपेशी मंदावल्या की लाल फूल काळपट पडतं आणि पानं उजळ राहतात. ऱ्होडॉप्सिनचं शिखर निळसर-हिरव्यात असल्याचा हा पुरावा कुणालाही अंगणात उभं राहून घेता येईल.

आपल्या परिसरात थेट दृष्टिद्रव्यावर नसलं, तरी त्याच्या चुलत कुळावर काम झालं आहे. मिठागरांत राहणारे काही सूक्ष्मजीव बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन हे जांभळं द्रव्य बाळगतात. त्यातही रेटिनलच असतो, पण तो सरळाचा वाकडा होतो आणि प्रकाशाच्या बळावर प्रोटॉन पेशीबाहेर ढकलतो. द्रवरूप नायट्रोजनच्या तापमानाला त्याचीही पहिली पायरी अडवता येते. गोव्याच्या मिठागरांतल्या अशा लवणप्रिय सूक्ष्मजीवांचा अभ्यास गोवा विद्यापीठात झाला आहे. आणि पवईच्या आयआयटी मुंबईत अनिल कुमार सिंग आणि सहकाऱ्यांनी रेटिनलऐवजी नायट्रोजनयुक्त ॲझो रेणू बसवून बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिनच्या नव्या प्रतिकृती तयार केल्या, त्या १९९६ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात आल्या. नाकानिशीच्या कुलूपबंद रेटिनलमागे हीच विचारपद्धती होती: मूळ रेणू बदला, आणि प्रथिन काय म्हणतं ते ऐका. या कुळातल्या शैवालाच्या द्रव्याचं जनुक अंध माणसाच्या दृष्टिपटलात घालून त्याला काही वस्तू चाचपडत का होईना पाहता आल्या, ही २०२१ मधली बातमी अनेकांनी वाचली असेल.

शेवटी तापमानाची दुसरी बाजू. ऱ्होडॉप्सिनचा रेणू प्रकाशाशिवाय, नुसत्या उष्णतेनेही क्वचित वळतो. बेलर, नन आणि श्नॅप्फ यांच्या १९८४ च्या मोजमापांवरून माकडाच्या शरीराच्या तापमानाला एका रेणूचा अर्धायुष्यकाल चारशे वर्षांच्या पुढे जातो. ऐकायला फार मोठा काळ, पण एका दंडपेशीत दहा कोटींहून अधिक रेणू असतात, म्हणून प्रत्येक पेशीत दर दोन-तीन मिनिटांनी एक खोटा संकेत उमटतो. गाढ अंधारात नजरेची मर्यादा ठरवणाऱ्या गोष्टींत हे खोटे संकेत येतात. थंड रक्ताच्या प्राण्याला त्यांचा त्रास कमी. हेलसिंकीच्या आहो, डोनर, रॉयटर आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखवलं, की गार शरीराचे बेडूक माणसाला दिसणार नाही इतक्या अंधुक उजेडात भक्ष्यावर झेप घेतात, आणि बेडूक तापवला की त्याची ही तीक्ष्णता घटते. जूनमध्ये सावित्री नदीकाठच्या भातखाचरांत बॅटरी विझवून उभं राहिलं तर आपल्याला काही दिसत नाही, बेडकाला मात्र दिसतं. त्यात त्याच्या गार शरीराचाही वाटा आहे. बोलचं लाल दृष्टिपटल बेडकाचंच होतं, आणि बेडकाच्या अंगच्या गारव्याचा हा लाभ कळायला शतकाहून जास्त काळ जावा लागला.

तर मूळ शंकेचा निवाडा असा. अतिशीत प्रयोगांनी पहिल्या पायरीचं स्वरूप, तिच्यात साठणारी ऊर्जा आणि पुढच्या पायऱ्यांचा क्रम बरोबर सांगितला; त्यातला क्रम तर या कामात लेझर यायच्या आधीच. वेग त्यांना सांगता आला नाही. एक रूप त्यांनी जास्तीचं दाखवलं, एक लपवलं. शंकूपेशींच्या द्रव्यांबाबत अजून थंडीचाच आधार मोठा आहे, आणि तिथे या दोन चुका ध्यानात ठेवूनच प्रत्येक निष्कर्ष तपासायला हवा.

महाड-पोलादपूरच्या महाविद्यालयांत रसायन किंवा प्राणिशास्त्र शिकणाऱ्यांना एक सांगणं. या विषयाला लागणारा द्रवरूप नायट्रोजन तुमच्या तालुक्यात येतो, आणि मुंबईतल्या मोठ्या संस्था काही तासांच्या अंतरावर आहेत. पदव्युत्तर संशोधनाचा विषय निवडताना रंगद्रव्यांच्या प्रकाशरसायनाचा विचार जरूर करा. आणि घरात लहान मूल असेल तर अंगणवाडीच्या नोंदवहीत त्याचे ‘अ’ जीवनसत्त्वाचे डोस बघून घ्या: पहिला नऊ महिने पूर्ण झाल्यावर एक लाख युनिटचा, पुढे दर सहा महिन्यांनी दोन लाख युनिटचा, पाच वर्षांपर्यंत मिळून नऊ.